बाईजाकाकीची चार बटणं

चहा सांडला तो माझ्याच हातून. चहा काय, कुणाच्याही हातून सांडतो. पण माझा सांडला तो बाईजाकाकीच्या कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर, शर्यत संपायला एक वळण उरलेलं असताना, आणि त्या शर्यतीवर रंजिताचं माहेरी जाणं ठरणार असताना. एवढं सगळं एका स्टीलच्या कपातून सांडू शकतं, हे मला आधी ठाऊक नव्हतं.

विजेची वस्तू आणि पाणी एकत्र आलं की आधी मेन बंद करायचा, एवढं विज्ञान मला पाठ आहे. ते मी तत्परतेनं वापरलं. खट्! स्क्रीनवरच्या दोन्ही मोटारसायकली अंधारात गेल्या. पंखा हळूहळू थांबला. ओटीवर इतकी शांतता पसरली, की गोठ्यातली म्हैस चघळताना ऐकू येऊ लागली.

"मेल्या, बटण कशाला बंद केलंस?" काकी म्हणाली.

"शॉक बसला असता, काकी."

"शॉक बसलाच आहे, भावजी," रंजिता म्हणाली.

बाईजाकाकी म्हणजे माझी शेजारीण. धसईच्या अलीकडं आमची वाडी आहे, तिथं आमच्या दोघांच्या घरांमध्ये एक कुंपण आहे आणि ते नावापुरतंच आहे. काकीनं उभा जन्म भातशेतीत घातला. बाजाराच्या दिवशी डोक्यावर काकड्या-शिराळ्यांची पाटी घेऊन ती धसईला जाते, आणि गिऱ्हाईक काकडी हातात घेऊन दाबायला लागलं की म्हणते, "ती काकडी हाय, आंबा नाय." तिच्या तोंडाला मी लहानपणापासून घाबरतो. आता शाळेच्या ऑफिसात कारकून झालो, चष्मा लागला, भीतीचा नंबर मात्र बदलला नाही.

रंजिता ही तिची सून. शहापूर तालुक्यातली, तानसाच्या बाजूची. लग्न होऊन आली तेव्हा पहिलं वर्षभर सासू-सुनांचं एकमेकींशी बोलणं कोंबड्यांमार्फत चालायचं. काकी अंगणात कोंबडीला विचारायची, "काय गो, आज पाणी कुणी भरायचं ते ठरलंय का?" आणि चुलीपाशी रंजिता मांजराला सांगायची, "आपण काल भरलं ना रे?" किशोर, म्हणजे काकीचा मुलगा, मुरबाडच्या कारखान्यात पाळीवर जातो. त्याला या घरात आपल्यापेक्षा कोंबड्यांना जास्त माहिती आहे असं वाटायला लागलं होतं.

त्यानंच कसल्याशा कोर्ससाठी जुना कॉम्प्युटर घरी आणला. कोर्स राहिला, कॉम्प्युटर राहिला. त्यात मोटारसायकलच्या शर्यतीचा एक गेम होता. स्क्रीनचे आडवे दोन भाग व्हायचे, वर एकाची गाडी, खाली दुसऱ्याची. कीबोर्ड मात्र एकच. डावीकडच्या चार अक्षरांवर एक खेळाडू, उजवीकडच्या बाणांवर दुसरा. रंजिता एकटीच दोन्ही हातांनी दोन्ही गाड्या चालवत बसायची. एकदा काकी मागं येऊन उभी राहिली नि म्हणाली, "लाल गाडी चांगली चालवत नायस. सरक."

त्या दिवसापासून कोंबड्यांना सुटी मिळाली.

काकीला अक्षरं वाचता येत नाहीत. दसऱ्याला विळे, कोयते, फावडी पुजायला मांडली तेव्हा तिनं कीबोर्डही आणून मांडला. सगळ्यांना लावलं तसं त्यालाही कुंकू लावलं, पण नेमकं आपल्या चार बटणांना. तेव्हापासून ती चार बटणं काकीची. रंजितानं बाणांना काही लावलं नाही. ती म्हणाली, "मला दिसतात." दोघी एका बाकावर खांद्याला खांदा लावून बसायच्या. शर्यत हरेल तिनं भाकऱ्या भाजायच्या, पाणी भरायचं, म्हशीखालचं शेण काढायचं. वळणावर दोघीही अंगानं वाकायच्या, आणि काकी उजवीकडं वाकली की रंजिता बाकावरून पडायच्या बेतात यायची. "ढकलू नका ना!" "मी कुठं ढकलते, गाडी ढकलते."

तर त्या दिवशीची गोष्ट. भात कापून झालं होतं, झोडणी तोंडावर आलेली. आमच्याकडं झोडणी सावडीनं होते. म्हणजे आज सगळ्यांनी तुमच्या खळ्यावर यायचं, उद्या तुम्ही त्यांच्या खळ्यावर जायचं. जेवढी माणसं घेतली तेवढी माणसं फेडायची. एखाद्या घरातून माणूस कमी आलं तर कुणी भांडत नाही, नुसतं बघतात. ते बघणं भांडणापेक्षा वाईट. आणि नेमकं त्याच आठवड्यात रंजिताच्या धाकट्या बहिणीचं, शीतलचं, ओटीभरण निघालं. शीतलला आई नाही. ओटी भरायला थोरली बहीण हवी. रंजितानं विचारलं, "जाऊ का?" काकी म्हणाली, "सावडीला माणूस कुठून आणू?" दोघींचंही बरोबर होतं, म्हणून मिटेना. शेवटी रंजिता म्हणाली, "शर्यत लावू."

"लाव," काकी म्हणाली.

तेवढ्यात मी चहाला पोचलो.

आता लाजिरवाणा भाग येतो. खेळताना ज्याची त्याची नजर आपापल्या गाडीवर असते. मी मागं उभा होतो, मला दोन्ही गाड्या दिसत होत्या. शेवटच्या वळणाला रंजिताची निळी गाडी बरीच पुढं होती. काकीची लाल अजून मागच्या एका पुलावरच होती. मी इतका रंगात आलो की स्वतःच वळणावर वाकलो, आणि कपही वाकला.

अंधार झाल्यावर काकीनं माझ्याकडं वळून विचारलं, "सांग, कोण पुढं होतं?"

रंजितापण वळली. नुसती बघत राहिली.

मी म्हणालो, "माझं लक्ष कपाकडं होतं."

हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज बाहेर आलं, की मला वाटलं दुसरंच कुणीतरी बोललं. खरं तर त्या क्षणी काकीनं नुकतंच मला 'मेल्या' म्हटलं होतं, आणि दुसऱ्यांदा ऐकायची माझी तयारी नव्हती. एवढंच कारण. मोठा माणूस खोटं बोलतो तेव्हा मागं काहीतरी मोठं कारण असावं, अशी माझी समजूत होती. तीही त्या चहात बुडाली.

कीबोर्ड उन्हात वाळवला, उलटा करून आपटला. चहात साखर भरपूर, कारण काकीकडं पाहुण्याला कमी साखर घालणं हा अपमान समजतात. डावी बाजू पार गेली. कुंकवाची चारही बटणं दाबली की खाली जाऊन तिथंच बसत. उजवीकडचे बाण मात्र चालत होते. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "मी आणतो. माझ्याकडं सोपवा."

मुरबाडला ओमकारचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. तो पोरगा शहाणा आहे, म्हणजे गिऱ्हाईकाला आधी प्रश्न विचारतो. मी त्याला हकिगत सांगितली. तो म्हणाला, "सिंपल आहे दादा. साधा फुल कीबोर्ड घ्या."

पण माझी नजर काचेतल्या एका वस्तूवर गेली होती. कीबोर्डचा डावा तुकडा कापून काढावा तशी ती दिसत होती. मोजकीच बटणं, त्यांच्याखालून निळा-हिरवा उजेड, मनगट टेकायला मऊ उशी, अंगठ्याला एक छोटी दांडी.

"हा काय प्रकार?"

"गेमिंग कीपॅड. डाव्या हाताचा. पक्के गेमवाले घेतात."

माझ्या डोक्यात त्या कीपॅडसारखाच उजेड पडला. डावी बाजू गेली ना? मग डावीच आणायची! काकीला हा कीपॅड, आणि रंजिताला जुना कीबोर्ड, त्याचे बाण चालतातच की.

ओमकार म्हणाला, "दादा, हे ज्यांच्या उजव्या हातात माउस असतो त्यांच्यासाठी. तुमच्या काकींच्या उजव्या हातात काय असतं?"

"कधी पान, कधी पंखा."

"मग फुल कीबोर्डच घ्या. बाणांतपण साखर गेली असेल. आज चालतात, उद्या चिकटतील."

"चालतात रे. मी बघितलेत."

ओमकारनं खांदे उडवले आणि कीपॅड बांधून दिला. एसटीत तो खोका मांडीवर घेऊन मी बसलो. काकी काय म्हणेल, उशीवर हात ठेवून कशी हसेल, मला 'मेल्या'चं पुन्हा 'रवी' कधी करेल, हेच मनात घोळत होतं. धसई येईपर्यंत रंजिताचा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. हे मला तेव्हा कळलं नाही. घरी कळलं.

काकी खूश झाली. चार बटणांना ताजं कुंकू लागलं. विळा धरून धरून कडक झालेला तिचा हात त्या उशीवर असा विसावला, जसं पोर पाळण्यात निजतं. खालचा उजेड बघून ती म्हणाली, "बाई गो, गणपतीची आरास!" शेजारी रंजितानं तपकिरी डागांचा जुना कीबोर्ड ओढून घेतला. त्याला अजून चहाचा वास येत होता. तिनं बाण दाबून बघितले, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाली, "सासूबाईंना नवा, मला उष्टा. बरी वाटणी केलीत, भावजी."

मी हसलो. विनोद समजून हसलो. अजून ते हसू आठवलं की कानाची पाळी तापते.

शर्यत सुरू झाली. पहिल्या फेरीला दोघी बरोबरीनं. दुसऱ्या वळणावर रंजितानं उजवा बाण दाबला आणि तो दाबलेलाच राहिला. साखर! निळी गाडी गोल गोल फिरायला लागली, खांबाला धडकली, उठली, परत फिरली. रंजिता नखानं ते बटण वर काढत होती, ते पुन्हा बसत होतं. बाजूनं लाल गाडी गेली, अगदी आरामात, बाजाराला निघाल्यासारखी. या वेळी दोघींपैकी कुणीही वळणावर वाकलं नाही.

काकी जिंकली. तिनं उशीवरचा हात काढून घेतला.

रंजिता उठली, पदर खोचला. "सावडीला आहे मी," म्हणाली, आणि आत गेली. जाताना मांजर आडवं आलं, त्याला म्हणाली, "बाजूला हो रे. शीतलला फोन करायचाय, ओटी दुसऱ्या कुणाकडून तरी भरून घे म्हणून."

मांजराशी बोलली. म्हणजे आम्ही पुन्हा पहिल्या वर्षात येऊन पोचलो होतो, आणि आणणारा मी होतो. खोक्यात, मांडीवर घेऊन.

कीपॅड खोक्यात घालून घरी घेऊन गेलो, तर जेवण गोड लागेना. मी स्वतःची बरीच समजूत घातली. चहा हा अपघात, कीपॅड ही चूक. पण "माझं लक्ष कपाकडं होतं" याला काय म्हणायचं, ते मला सापडेना. एका बाईचं माहेरी जाणं आपल्या एका शब्दावर अडलं होतं, आणि तो शब्द आपण चहासारखा सांडून टाकला, एवढंच समजत होतं. भिंतीवरच्या आरशात बघायचं टाळून मी दात घासले.

दुसऱ्या दिवशी मी सरळ ओमकारकडं गेलो. त्यानं माझं तोंड बघितलं आणि काही न विचारता फुल कीबोर्ड काढला. उजवी बाजू धरून, डावी बाजू धरून, पूर्ण लांबीचा, बिनउजेडाचा. कीपॅड परत घेताना कुंकवाची बोटं बघून म्हणाला, "हे कसं विकू दादा?" मी म्हणालो, "पूजा झालेला आहे म्हणून सांग."

संध्याकाळी पोचलो तेव्हा काकी खळं सारवत होती. दुसऱ्या दिवशी सावड तिच्याच खळ्यावर यायची होती. ती उकिडवी बसून शेणाचा हात गोल गोल फिरवत होती, आणि ओल्या जमिनीवर एकाला लागून एक अर्धगोल उमटत होते. ओटीवर बाक मोकळा होता. चुलीवर धूर नव्हता. मांजर एकटंच उंबऱ्यात बसलं होतं, कुणीतरी बोलेल या आशेनं.

मी वाटेत सगळं घोकून आलो होतो. खळ्याच्या कडेला कीबोर्ड दोन्ही हातांत आडवा धरून मी उभा राहिलो, जणू आहेराचं ताट.

"काकी, हा पुरा आणलाय. दोघींचा. शर्यत परत घ्या. रंजिताला हाक मारा."

काकीचा हात थांबला नाही.

"आणि काकी... त्या दिवशी मी खोटं बोललो. माझं लक्ष कपाकडं नव्हतं. रंजिता पुढं होती. चांगली पुढं होती. ती जिंकली असती."

काकीनं एक अर्धगोल पुरा केला. मागं सरकली. बादलीत हात बुडवून पुन्हा शेण घेतलं. मी तिथंच उभा. पायाखालची जमीन ओली होती, आणि तिच्या सारवणावर माझ्या चपलेचा एक ठसा उमटलेला मला तेव्हा दिसला. मी पाय उचलला तर दुसरा उमटला.

"काकी, मेल्या म्हण, काहीही म्हण. पण रंजिता कुठाय? तिला मी तोंडानं सांगतो."

काकीनं मनगटानं कपाळावरचे केस मागं सारले, माझ्या चपलेकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाली, "ती पुढं होती ते मला तवाच दिसलं, सकाळच्या गाडीनं मीच तिला माहेराला धाडली, आन उद्या सावडीत तिच्या जागी तू हाईस."