यंदा पाट द्यायचा नाही

आमच्याकडे गणपतीचा पाट आषाढातच कारखान्यात जातो. ठाकुर्लीत राहायला आल्यापासून कारखाना ठरलेला, मूर्ती ठरलेली, तिच्या शेल्याचा रंगसुद्धा ठरलेला. पाटाच्या मागे खडूनं आडनाव लिहायचं, पाट कारखान्यात ठेवून यायचं आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्याच पाटावर बसलेले बाप्पा घरी आणायचे. ज्यानं पाट दिला नाही, त्याच्यासाठी मूर्ती नाही. त्या वर्षी आमच्या यांनी जेवताना जाहीर केलं, "यंदा पाट द्यायचा नाही. गणपती मी घरी करणार."

हे मी लग्न झाल्यापासून ऐकत होते. शाळेत चित्रकलेच्या दोन्ही परीक्षांत वरची श्रेणी मिळवलेला हा मुलगा. मूर्तिकला शिकायची होती, वडिलांनी ड्राफ्ट्समनच्या कोर्सला घातलं. मग कोलशेतच्या एका कंपनीत दुसऱ्यांच्या ड्रॉइंगमधल्या चुकांवर लाल पेन्सिल फिरवण्यात हयात गेली. रिटायर झालो की मूर्ती करायला घेणार, असं म्हणता म्हणता रिटायर झाले. त्यानंतर बाल्कनीतला उजेड चुकीच्या बाजूनं येतो असं निघालं. पुढच्या वर्षी माती बरोबर नव्हती. त्याच्या पुढच्या वर्षी काय बरोबर नव्हतं ते मी विचारलंच नाही.

त्या वर्षीची गोष्ट मात्र वेगळी होती. यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. बँकेत सही जुळेना, म्हणून नौपाड्यातल्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, गोळ्यांनी आराम पडेल, पण हे हळूहळू वाढत जाणार. त्याच आठवड्यात पाटाची घोषणा झाली. म्हणून मी हो म्हटलं. नाहीतर घरच्या देवाच्या बाबतीत असले प्रयोग खपवून घेणारी बाई मी नव्हे.

शाडू आली. लाकडी हत्यारं आली. मग ड्रॉइंग सुरू झाली. गणपती समोरून, गणपती डावीकडून, गणपती उजवीकडून आणि गणपतीचा टॉप व्ह्यू. वरून बघणार कोण होतं, पंखा? माती रोज सकाळी ओल्या फडक्यात गुंडाळली जायची, दुपारी उघडून बघितली जायची, पुन्हा गुंडाळली जायची. आमच्या मुलीचं दुपटं या माणसानं आयुष्यात कधी बदललं नव्हतं.

"अहो, हात कधी लावणार तिला?"

"अगं, सोंडेचं प्रपोर्शन बसत नाहीये."

"कागदावर बसत नाहीये. मातीत बसेल."

"आणि नाही बसलं तर? करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तर?"

"तर मारुतीला मोदक घालू. तो काय नको म्हणणार आहे?"

हे हसले नाहीत. मी पुढे म्हटलं, पार्वतीनं अंगाच्या मळाचा गणपती केला. तिनं आधी टॉप व्ह्यू काढत बसायचं ठरवलं असतं, तर आज आपण कार्तिकेयाच्या आरत्या म्हणत असतो. माझ्या माहेरी तर गौरी खड्यांच्या. पाणवठ्यावरून, म्हणजे आता बिल्डिंगच्या नळावरून, खडे आणायचे आणि पुजायचे. नाक नाही, डोळे नाहीत. एकाही गौरीनं आजवर तक्रार केलेली नाही. यावर यांनी चष्मा पुसला आणि सोंडेचं वळण खोडून पुन्हा काढलं.

श्रावण संपत आला. शाडूची मूर्ती वाळायला आठवडाभर तरी हवा, तोही उघडीप असली तर. घरात गणपती आला नाही असं वर्ष आमच्याकडे कधी झालं नव्हतं. यांना न सांगता मी कारखान्यात गेले.

एक मूर्ती उरली होती. कोणीतरी बुकिंग रद्द केलेली, वीतभर उंचीची, आणि काय देखणी! कारखानदार म्हणाले, "काकू, घेऊन टाका. उद्या आलात तर मिळायची नाही." मी पर्स उघडली. आणि मला पुढचं सगळं दिसलं. हे सुटकेचा निःश्वास टाकणार, मूर्तीच्या डोळ्यांची आखणी कशी सुरेख आहे ते मला समजावून सांगणार, आमची माती सोसायटीच्या बागेत जाणार आणि पुढच्या वर्षी नक्की, असं ठरणार. पुढच्या वर्षी हात कसा असेल ते मला ठाऊक होतं. मी पर्स बंद केली.

घरी येऊन म्हटलं, "कारखान्यात जाऊन आले. एकसुद्धा मूर्ती शिल्लक नाही."

ऐन श्रावणात, देवाच्या बाबतीत, धडधडीत खोटं. यांना ते अजून माहीत नाही. इथे वाचलं तर वाचोत.

यांचा चेहरा उतरला. "मग आता गं?" म्हणाले, आणि टेबलापाशी बसून खोडरबर हातात घेतलं. खोडरबर! माझं डोकंच फिरलं. मी फडकं सोडलं, मातीचा मोठा गोळा उचलला आणि पाटावर थापला. भाकऱ्या करणारा हात माझा, गोळा जमेल तसा गोल केला.

"अगं, काय करतेस?"

"पोट."

"असं असतं पोट?"

"तुमचं असंच आहे."

"अगं, पोट मांडीवर बसतं. हे काय हवेत तरंगतंय! सरक. सरक तिकडे."

आणि यांनी दोन्ही हात मातीत घातले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या माणसाला कोरी माती बघवते, चुकलेली बघवत नाही. मग मी भराभर चुका करायला घेतल्या. एक कान सुपाएवढा केला, एक पाय उलटा बसवला. हे चरफडत, मला नावं ठेवत सगळं दुरुस्त करत गेले. थोड्या वेळानं माझ्या चुकांची गरज उरली नाही. मी बाजूला झाले तेही यांना कळलं नाही. हात मातीत दाबलेला असला की थरथरत नव्हता. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. कांदा चिरत होते म्हणाले असते, पण श्रावणात आमच्याकडे कांदा नसतो.

मूर्ती फॅनखाली वाळली. डावा कान एकदा गळून पडला, तो पुन्हा चिकटवला, आणि जरा खालीच चिकटला. रंग दिला नाही, फक्त डोळे काढले. ब्रश धरल्यावर हात हलायला लागला. मी मनगट धरू का विचारलं तर खेकसले. कोपर पोटाशी घट्ट दाबून, श्वास रोखून काढले. एक डोळा मोदकांकडे बघतोय, दुसरा दाराकडे.

चतुर्थीच्या सकाळी हे आंघोळ करताना, येणाऱ्या माणसांना काय सांगायचं त्याची तयारी करत होते, ती मला बाहेर ऐकू येत होती. पाऊस फार होता, शाडू नीट वाळली नाही, ब्रश जाड होता, कानाचं असं झालं की... आरतीपेक्षा ही यादी मोठी होती. संध्याकाळी दर्शनाला माणसं आली. तळमजल्यावरच्या काकूंनी नमस्कार केला, मूर्तीकडे वाकून बघितलं आणि कौतुकानं म्हणाल्या, "अय्या, किती गोड! नातवानं केलाय ना?"

काकूंना काय ऐकवायचं ते माझ्या जिभेवर आलं होतं, पण आधी मी यांच्याकडे बघितलं. हातात मोदकांचं ताट होतं आणि ते थरथरत होतं. आता कानाचं सुरू होणार, असं मला वाटलं.

"नाही, मी केलाय," हे म्हणाले, आणि ताट त्यांच्यापुढे धरलं. "घ्या ना. दोन घ्या."