काकांचा चुकलेला अंदाज

ठाण्यात थंडी आपोआप पडत नाही, ती आमचे काका पाडतात, असं वर्तकनगरातल्या त्यांच्या इमारतीत बहुतेकांचं मत आहे. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. डिसेंबर उजाडला की खालचा वॉचमनसुद्धा त्यांना "यंदा कधी?" असं विचारतो, एखाद्याला घरच्या लग्नाची तारीख विचारावी तसं. थंडी पडली तर काका जिना उतरताना लोकांचं कौतुक स्वीकारत उतरतात, आणि नाही पडली तर मान खाली घालून भाजीला जातात. एकदा जानेवारीत भरदुपारी सगळे घामाघूम झालेले असताना तळमजल्यावरच्या आजोबांनी त्यांना गाठलं. "काय हो, कुठाय तुमची थंडी?" काका म्हणाले, "निघालीये. राजस्थानात अडकलीये. वारा फिरला की येईल." हे त्यांनी इतक्या काळजीने सांगितलं की आजोबांनीच "येईल हो, येईल" म्हणून त्यांची समजूत काढली.

माझं घर डोंबिवलीत आणि ऑफिस ठाण्यात, त्यामुळे आठवड्यातले दोन-तीन दिवस मी मावशीकडे राहते. मी फारशी बोलत नाही, म्हणून काकांना मी हुशार वाटते. माझी शाळा इंग्रजी, त्यामुळे हवामानाचं मराठी मला त्यांनीच शिकवलं. "किमान म्हणजे पहाटेचं, कमाल म्हणजे दुपारचं. दुपारचं आपल्याला नको." त्यांच्या बाल्कनीत पांढरा रंग दिलेलं झडपांचं एक लाकडी खोकं टांगलेलं आहे आणि त्यात थर्मामीटर आहे. हे खोकं पूर्वी घरातलं चपलांचं कपाट होतं. ते बाल्कनीत गेल्यापासून चपला दाराबाहेर असतात. खोक्याजवळ ओले कपडे वाळत घालायचे नाहीत, कारण ओल्या कपड्यांनी हवा गार होते आणि असा आकडा हरामाचा. तिथे उभं राहून चहाही प्यायचा नाही, कारण वाफेने पारा चढतो. पहाटे आकडा बघायला जाताना काका स्वतःचा श्वाससुद्धा रोखून धरतात. मावशी साड्या बेडरूममध्ये पंख्याखाली वाळवते. "वेधशाळेतल्या माणसांनाही बायका असतील," ती म्हणते, "त्या कुठे वाळत घालतात, विचारा एकदा." थंडीची लाट आली की काका स्वेटर घालत नाहीत. मी एकदा धीर करून कारण विचारलं, तर म्हणाले, "अगं, एवढ्या लांबून येते ती. अंगाला लागू तरी द्यावी."

काकांसारखे आणखी सहा-सात जण ठाण्यापासून पलीकडे बदलापूरपर्यंत पसरलेले आहेत आणि त्यांचा व्हॉट्सअॅपवर एक ग्रुप आहे. रोज सकाळी प्रत्येकाने आपल्या बाल्कनीतला आकडा टाकायचा, ज्याचा सगळ्यात कमी तो त्या दिवसाचा राजा. राजा जवळजवळ रोज एकच असतो. टिटवाळ्याला राहणारे एक निवृत्त चित्रकलेचे मास्तर आहेत. त्यांच्या घरामागे अजून बिल्डिंग उठलेली नाही, मोकळं माळरान आहे, त्यामुळे त्यांचा पारा काकांच्या पाऱ्यापेक्षा कायम तीन-चार अंशांनी खाली. मास्तर आशावादीही फार. पुढच्या आठवड्याचे पाच अंदाज उपलब्ध असतील तर त्यातला सगळ्यात गार अंदाज मास्तर निवडणार. काका त्यांना 'बर्फाचे दलाल' म्हणायचे. मास्तर थर्मामीटर माठाजवळ टांगतात असा काकांना दाट संशय होता. शेवटी एका मंगळवारी काका अचानक म्हणाले, "टिटवाळ्याच्या गणपतीला जाऊन येऊ." मावशीला भरून आलं. लग्नानंतर पहिल्यांदाच देवळाचं नाव त्यांनी स्वतःहून काढलं होतं. दर्शन चार मिनिटांत उरकलं आणि पाऊण तास आम्ही मास्तरांच्या अंगणात होतो. माठ नव्हता. खोकं सावलीत, जमिनीपासून योग्य उंचीवर, झडपा चारही बाजूंनी. मास्तरांनी आम्हाला कोकम सरबत दिलं. परतीच्या वाटेवर काकांनी कल्याणपर्यंत मास्तरांचे जुने आकडे मोबाईलवर पुन्हा बघितले. मग म्हणाले, "माणूस प्रामाणिक आहे गं. त्याचंच वाईट वाटतं."

पण काकांचं खरं प्रेम थंडीवर नव्हे, बर्फावर. हिमाचलात कुठल्या दिवशी कुठल्या गावात बर्फ पडणार हे ते वर्तकनगरातून सांगतात, आणि ते चुकत नाहीत. मी हे भाचीच्या प्रेमाने म्हणत नाही, मी बघत आलेली आहे. आणि काकांनी बर्फ कधीच पाहिलेला नव्हता. मावशीनेही नाही. याला कारण होतं काकांचं ज्ञान. मनालीला जायचं तर चंदीगडपर्यंतची तिकिटं दोन महिने आधी काढावी लागतात आणि बर्फाचा भरवशाचा अंदाज मिळतो जेमतेम पाच दिवस आधी. त्यामुळे दर वर्षी तिकिटं काढली जायची, मावशी लोकरीचे कपडे उन्हाला टाकायची, आणि निघायच्या तीन दिवस आधी काका उपग्रहाची चित्रं बघून जाहीर करायचे, "रद्द. आकाश निरभ्र आहे." मग तो आठवडा ते घरी बसून मनालीच्या आकाशावर नजर ठेवायचे. आकाश खरोखर निरभ्र असायचं. "बघ," काका विजयाने म्हणायचे, "गेलो असतो तर? वाचलो!" मावशी डब्यात लाडू भरता भरता म्हणायची, "वाचलो कसले, घरातच बसलो." नंतर कधीतरी बर्फ पडायचाच, पण तेव्हा तिकिटं नसायची.

इमारतीतले बाकीचे मात्र जाऊन आले. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना हवामानातलं ओ की ठो कळत नाही. त्या मुलांच्या शाळेला सुट्टी होती म्हणून गेल्या आणि त्यांच्या डोक्यावर बर्फ पडला. आल्यावर त्यांनी मावशीला व्हिडिओ दाखवला. त्यात वहिनी लाल छत्री फिरवत होत्या, छत्रीवर बर्फ पडत होता आणि मागे हिंदी गाणं लावलेलं होतं. मावशीने तो दोनदा बघितला आणि विचारलं, "पडताना आवाज येतो का गं?" वहिनी म्हणाल्या, "लक्षातच नाही आलं हो. गाडीतलं गाणं चालू होतं ना." हा प्रश्न मावशीच्या मनात राहिला. भाकरी थापताना मध्येच मला विचारायची, "गारांचा येतो. पावसाचा येतो. मग बर्फाचा का नाही येणार?" मी इंटरनेटवर शोधून सांगते म्हटलं तर म्हणाली, "नको. सांगून कळायची गोष्ट नाही ती."

मागच्या हिवाळ्यात मावशीच्या गुडघ्यांनी चांगलाच दगा दिला. डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढलं, आणि त्यानंतर डोंगराबिंगराचं विसरा असंही सांगितलं. त्यानंतरच्या एका संध्याकाळी काकांनी ग्रुपवर नेहमीच्या दिमाखात लिहिलं, की या आठवड्यात मनालीत बर्फाचा कणही पडणार नाही, कोणाला पैज लावायची असेल तर लावा. ते त्यांनी आम्हाला मोठ्याने वाचूनही दाखवलं. मावशी शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "मी परवा निघतेय."

"कुठे?"

"मनालीला. आमच्या महिला मंडळाची सहल आहे. तिकीट कधीच काढलंय."

काकांनी चष्मा काढला. "अगं पण आकाश निरभ्र आहे!"

"असू दे."

"एक ढग नाही गं तिथे. हे बघ, हे बघ चित्र."

"इतकी वर्षं चित्रंच बघितली," मावशी म्हणाली. "हे गुडघे तुमच्या ढगांसाठी थांबणार नाहीत. तुम्ही बसा आकाश बघत. आणि एक सांगते, आयुष्यात एकदा तरी चुका हो."

ती गेली. चहा-नाश्त्याची व्यवस्था बघायला म्हणून मी त्या आठवड्यात रोज ठाण्यालाच राहिले. उत्तरेचं आकाश स्वच्छ असलं की तिथला कोरडा गार वारा थेट आपल्याकडे उतरतो, हे काकांनीच मला शिकवलेलं. तसंच झालं. ठाण्यात काकांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी थंडीची लाट आली. उपवन तलावावर सकाळी धुकं दिसायला लागलं, वॉचमनने कानटोपी घातली, तळमजल्यावरचे आजोबा मुद्दाम वर येऊन काकांचं अभिनंदन करून गेले. आणि काका बाल्कनीकडे फिरकलेसुद्धा नाहीत. ते सोफ्यावर, मावशीची शाल गुंडाळून, मनालीचं आकाश बघत होते. ग्रुपवर सगळे विचारत होते, "ठाण्याचा आकडा?" शेवटी मीच श्वास रोखून खोक्यात डोकावले. साडेअकरा. तिथे पारा बाराच्या खाली कधीच उतरला नव्हता. मी धावत येऊन सांगितलं. काका म्हणाले, "हो का," आणि पुन्हा मोबाईलमध्ये बघायला लागले.

त्यांना चुकायचं होतं. पण इतक्या वर्षांत सवयच नसल्यामुळे जमत नव्हतं. जगातल्या एकूण एक संगणकांचे अंदाज त्यांनी उघडून बघितले, पण सगळे त्यांच्याच बाजूने. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चक्क टिटवाळ्याच्या मास्तरांना फोन लावला.

"मास्तर, तुमच्याकडे एखादा गार अंदाज आहे का हो? मनालीचा?"

मास्तर पलीकडून म्हणाले, "सर, खरं सांगू? या वेळी मलाही सापडत नाहीये. का हो, काय झालं?"

"काही नाही," काका म्हणाले. मग थोड्या वेळाने, "आमची मंडळी गेलीये तिकडे."

मास्तर म्हणाले, "बघतो मी. अजून एकदा सगळं बघतो."

मावशीचा फोन आला शनिवारी दुपारी चार वाजता. काकांनी स्पीकर चालू केला. समोर मोबाईलवर नुकतंच आलेलं उपग्रहाचं चित्र उघडं होतं आणि मनाली जिथे असते तिथे ढगाचा ठिपकाही नव्हता.

"चुकलात!" मावशी ओरडली. "अहो, पडतोय! बर्फ पडतोय!"

काकांनी चित्राकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी खाली फरशीकडे बघितलं.

"काय सांगतेस," काका म्हणाले.

"तुमचं ते निरभ्र बिरभ्र सगळं खोटं निघालं. ऐकताय ना? आणि आवाज येत नाही हो. अजिबात येत नाही."

"चुकलो बुवा," काका म्हणाले. "साफ चुकलो. कानाला रुमाल बांध. फोटो नको काढत बसूस, हात गारठतील."

"नाहीच काढणार," मावशी म्हणाली आणि फोन ठेवला.

दहा मिनिटांत मंडळाच्या अध्यक्षबाईंनी त्यांच्या स्टेटसला फोटो टाकला, आत्ताचाच, मनालीच्या बाजारातला. सगळ्या जणी लख्ख उन्हात डोळे बारीक करून उभ्या होत्या. मावशीने कोणाचा तरी काळा गॉगल लावला होता आणि तिच्या हातात मक्याचं कणीस होतं. हा फोटो मी बघितला आणि काकांनीही बघितला. मग त्यांनी ग्रुप उघडला आणि एका बोटाने, सावकाश, लिहिलं : "आज दुपारी मनालीत बर्फ पडला. माझा अंदाज चुकला."

त्या ग्रुपवर प्रत्येकाजवळ तेच उपग्रहाचं चित्र होतं. एरवी एखाद्याने अर्ध्या अंशाची थाप मारली तरी तिथे दिवसभर भांडण चालतं. या वेळी टिटवाळ्याहून मास्तरांचं उत्तर आलं, "बरोबर आहे सर. मला इथूनही तसंच दिसतंय." त्यामागोमाग बदलापूर, अंबरनाथ, कल्याण, सगळ्यांनी अंगठे दाखवले. काकांनी शालीने चष्मा पुसला आणि मला म्हणाले, "साडेअकरा म्हणालीस ना त्या दिवशी? टाक तो आकडा. राहिलाय."

मावशी परत आली ती लंगडत, पण विजयी. आता ती इमारतीत सगळ्यांना बर्फाची गोष्ट सांगते, आणि दर वेळी बर्फ थोडा जास्त पडतो. काका शेजारी बसून नीट ऐकतात आणि अडेल तिथे मदत करतात. "कण मोठे होते की बारीक?" ते विचारतात. मावशी क्षणभर थांबून म्हणते, "मोठे. कापसासारखे." "म्हणजे तापमान शून्याच्या आसपास असणार," काका लोकांना समजावतात, "तेव्हाच असे मोठे पडतात. अगदी बरोबर आहे." मावशी त्यांच्याकडे जरा बारकाईने बघते आणि पुढे सांगायला लागते. तिला कळलंय की नाही, मी सांगू शकत नाही. विचारायचं धाडस माझ्यात नाही.

तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन डॉक्टरांनी आता फेब्रुवारीवर टाकलंय. येत्या जानेवारीची दोन तिकिटं काकांनी काढलेली आहेत. या वेळी शेवटच्या क्षणापर्यंत काहीही बघायचं नाही, अशी मावशीने त्यांना अट घातली आहे आणि ती ते पाळताहेत. मोबाईल संध्याकाळचा तिच्या उशाशी असतो. बाल्कनीतल्या खोक्याला परवा मला एक ओला परकर वाळत घातलेला दिसला. तळमजल्यावरच्या आजोबांनी काकांना फाटकाशी अडवून विचारलं, "काय मग, जाताय म्हणे? पडणार का बर्फ?"

काका थांबले. वर, आपल्या बाल्कनीकडे बघून म्हणाले, "हिला विचारा. हिने पाहिलाय."