स्पर्धेचे बूट

कोळसा खाणींच्या आमच्या वणीत सकाळी खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं की ते काळं होतं. आमच्या शाळेचे क्रीडाशिक्षक मात्र रोज पहिल्या तासाआधी खेळाच्या खोलीतलं सगळं सामान पुसून घेतात. भाला असो, थाळी असो की स्पाइकचे बूट, कोळशाची धूळ कशावर म्हणून सापडायची नाही. पोरं बाहेर अनवाणी पळत असतात.

"सरावाला तरी बूट द्या ना सर," मी कितीदा म्हटलं. ते खिशातली चावी चाचपत म्हणायचे, "पोरायले देल्लं का सामान खराब होते, मॅडम. स्पर्धेले देतो ना."

जिल्हा स्पर्धेला त्यांनी खरंच दिले. माझ्या वर्गातल्या एका मुलीने त्या दिवशी पहिल्यांदाच बूट घातले. अर्ध्या शर्यतीतच टाचा सोलल्या, आणि नेहमी सगळ्यांच्या पुढे असणारी पोरगी लंगडत शेवटची आली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आलीच नाही. मी खेळाच्या खोलीत गेले, तर सर उकिडवे बसून जुन्या टूथब्रशने बूट आतून घासत होते. मला पाहून त्यांनी हातातला बूट उजेडात धरला.

"रक्ताचा डाग निघाला पुरा," ते म्हणाले. "तुमी टेन्शन नोका घेऊ, मॅडम."