चुन्याच्या रेघेवरचा नारळ

मुरगूडच्या अलीकडे जुन्या रस्त्याचा एक सरळ तुकडा आहे. नवा रस्ता दुसरीकडून गेला आणि तो तसाच पडून राहिला. काही वर्षं तिथे रविवारी सकाळी मोटारसायकलींच्या ड्रॅग रेस व्हायच्या. दोन गाड्या, चारशे मीटर, आधी पोहोचेल तो जिंकला. आता भेगांत गवत आहे आणि कुणीतरी मका वाळत घालतं.

या ट्रॅकचा इतिहास लिहायचं मी ठरवलं, कारण तो बंद पडला त्या दिवशी मी तिथे होते. तीन आठवडे झाले, पहिल्या पानापुढे जात नाही. लिहायला बसते, उठते, राजारामपुरीत विनाकारण दोन चकरा मारून येते.

पप्पांचं मंगळवार पेठेत गॅरेज. ट्रॅकवर हिरवा झेंडा त्यांच्याकडे असायचा. गाड्या चुन्याच्या रेघेवर आल्या की ते वाकून रस्ता बघत, मगच झेंडा खाली. वेळ लागला की मागून कुणीतरी विचारायचं, "मामा, झेंडा दाखवताय का साडी वाळत घालताय?"

पहिल्या रेसआधी नारळ फुटायचा. तो कडेच्या दगडावर, रेघेपासून लांब फोडायचा, हा पप्पांचा नियम. त्या रविवारी त्यांनी नारळ माझ्या हातात दिला. मी अकरा वर्षांची होते. दगडाभोवती पुरुषांचा घोळका. 'जरा सरका' एवढंही मला म्हणता येईना. माझ्या इंग्लिश शाळेतल्या मराठीला ते हसायचे. रेघेपाशी कुणी नव्हतं. मी तिथेच डांबरावर नारळ आपटला, तुकडे गोळा केले आणि आमच्या व्हॅनमध्ये जाऊन बसले.

पहिल्याच रेसला ओल्या चुन्यावर डावीकडच्या गाडीचं मागचं चाक सरकलं. चालवणारा पडला, खांद्याचं हाड मोडलं. तो बरा झाला, पण गावाने पुन्हा रेस होऊ दिली नाही. झेंडेवाल्याने रस्ता न बघताच झेंडा टाकला, असं सगळे म्हणाले. पप्पा गप्प राहिले. मीही.

मागच्या रविवारी वही घेऊन गॅरेजमध्ये गेले. पप्पा कार्बोरेटर साफ करत होते. ट्रॅक बंद का पडला ते सांगा, म्हटलं.

"लिही की," मान वर न करता ते म्हणाले. "चूक झेंडेवाल्याची."

मी पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. मग एका दमात सांगून टाकलं की नारळ मी रेघेवर फोडला होता.

त्यांचा हात थांबला. "म्हाईत हाय. पाणी बघितलंतं मी."

"मग पुसलं का नाही?"

"देवाच्या नारळाचं पाणी. चार माणसांत तेलकट फडक्यानं पुसायचं व्हय?" कार्बोरेटरवर फडकं फिरवत म्हणाले, "वाटलं, एवढ्यानं काय हुतंय."

मला राग आला. इतकी वर्षं हे मी एकटीने उराशी धरलं होतं. पण मग लक्षात आलं, त्यांनीही एकट्यानेच. तो रागही धड टिकेना.

स्टुलावर बसून मी लिहिलं: नारळ मी रेघेवर फोडला. पप्पा हात पुसत मागे येऊन उभे राहिले आणि त्यांनी ते वाचलं. खालच्या रिकाम्या ओळीवर त्यांनी काळं बोट टेकवलं.

"हितं माझं लिही."