जोडीदाराच्या आखूड फळ्या

समोर माणूस आला की फौजीभाऊ त्याच्या तोंडाकडे पाहत नसे. आधी गुडघे पाही, मग आडवा हात स्वतःच्या हनुवटीला लावी आणि निकाल देई, "तुमाले एथवरी. याच्यावर नाई."

एथवरी म्हणजे इथवर उंचीची, बर्फावरून घसरायची फळी. आता आमच्या पोंभुर्ण्यात बर्फ लागतो तो मासळीच्या पेटीला आणि लग्नातल्या सरबताला, तेवढाच. पण हा गडी फौजेत असताना बरीच वर्षं काश्मीरकडे होता, फळ्यांच्या कोठीवर. कोणाच्या पायाला कोणती फळी द्यायची, हे त्याचं काम. पुढे एक गुडघा कायमचा ताठ झाला, नोकरी सुटली, तो राइस मिलवर चौकीदार लागला, तरी कोठी काही त्याच्या डोक्यातून गेली नाही. सरपंचबाई धान घेऊन आल्या की म्हणे, "बाई चटकन वळते. आखूड." मिलमालकाचं पोट पाहून म्हणे, "शेठ भुरभुऱ्या बरफात रुतन. याले रुंद पायजे." लोक हसायचे. तुम्हीही हसला असता. तोही हसे, पण डोळे काही गुडघ्यांवरून हलत नसत. ते मला कधी आवडलं नाही.

मी सुतार. माझं तोंड फटकळ, हे गावाला ठाऊक आहे. गावात एसटीडीचं दुकान नुकतंच निघालं होतं, त्या हिवाळ्यातली गोष्ट. फौजीभाऊ लंगडत माझ्या दुकानात आला आणि म्हणाला, "मिस्त्री, फळ्यांची एक जोडी बनवून द्या."

"कोणाले? तुमचा गुडघा तं वाकत नाई."

"माह्यासाठी नाई. जोडीदारासाठी."

"मंग त्याले धाडा इकडं. माप घेतो."

"माप मले मालूम हाये," तो म्हणाला आणि हात हनुवटीला लावला.

काय सांगू, त्या जोडीनं माझा जीव खाल्ला! धावड्याचं लाकूड घेतलं, चिवट असतं म्हणून. टोक रुंद, कंबर बारीक, मागे पुन्हा रुंद. मी तासायचो, तो बोट फिरवायचा आणि म्हणायचा, "कंबर अजून घ्या." मी चिडून विचारलं, "भाऊ, फळी करून राह्यलो का नवरी सजवून राह्यलो?" तो शांतपणे म्हणाला, "कंबर बारीक असली का फळी कडेवर उभी केल्याबरोबर सोताच वळते. नवशिक्याले हे झेपत नाई. पोचलेल्या माणसाची चीज हाये. आन उतार दाबलेला पायजे, कडक. तिथी आखूडच." कडांना मी आरागिरणीच्या जुन्या पात्याची पट्टी ठोकली, दाते घासून. तरी त्याचं समाधान होईना. शेवटी मी पटाशी फेकली आणि म्हणालो, "कोण हाये हा तुमचा जोडीदार? लाट साहेब?"

"सकाळी मिलवर या," तो म्हणाला. "दाखवतो."

मिलच्या मागे धानाच्या कोंड्याचा ढीग होता, दुमजली घराएवढा. असा ढीग आतून धुमसत असतो. त्याच्या पायथ्याशी पांढऱ्या राखेचा खड्डा होता, वरून थंड आणि आत निखारे. एकदा एक बकरी त्यात गेली ती गेलीच. फौजीभाऊ रोज संध्याकाळी लांब बांबूला बांधलेलं दाताळं घेऊन तो ढीग सारखा करायचा, वर पाणी मारून दाबायचा. मालक म्हणे, करू द्या, फुकटात आग तरी विझते.

त्या सकाळी धुकं होतं. दाबलेल्या उतारावर माथ्यापासून दोन सरळ रेघा उतरल्या होत्या, थेट राखेच्या खड्ड्यात. काठाशी राख उधळलेली, कोणीतरी अंगानं आदळल्यासारखी. वर चढल्याचं पाऊल मात्र कुठंच नव्हतं.

"तुमचेच धंदे," मी म्हणालो.

त्यानं ताठ गुडघ्यावर हात मारला. मग मला आपल्या खोलीत नेलं. भिंतीवर खिळ्याला त्याच्या लांबच लांब जुन्या फळ्या टांगलेल्या होत्या, दोन्हींच्या मधे कोळ्याचं जाळं, जराही न तुटलेलं.

"रोज येते," तो म्हणाला. "रोज सीधा येते आन पडते. वळता येत नाई त्याले, अशाच लांब फळ्यांनं."

मग त्यानं काश्मीरातली गोष्ट सांगितली. साहेब लोक पाहायला येणार होते. उतार दाबून दाबून काचेसारखा केला होता. जोडीदार सगळ्यांत पोचलेला. तो कोठीवर आला आणि म्हणाला, आखूड दे, खाली जागा कमी आहे, झटझट वळावं लागेल. "मी त्याले हासलो, मिस्त्री. म्हटलं, लहान लेकरू हायेस का बे? लांब घे, शान दिसन. त्यानं माह्यं ऐकलं. खाली खोल दरी होती, वळताच आलं नाई त्याले. मी त्याच्यामागं धावलो, गुडघा तिथीच गेला."

मी उगाच विचारलं, "आन वळता आलं तं?"

"तं मले भेटाले येईन." तो पुढे म्हणाला, "त्याचंच भेव वाटते. काय म्हणन तो मले?"

मी घरी आलो आणि दुसरं कोणतंही काम हातात घेतलं नाही. जोडी पुरी केली, तेल पाजलं, नेऊन दिली. त्यानं कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "तवा हे देल्ली असती तं!" त्याला चढता येत नव्हतं, म्हणून कोंड्यात रुतत मीच माथ्यावर गेलो आणि फळ्या रोवून आलो. माझ्या पावलांवरून त्यानं दाताळं फिरवलं. मला हात जोडले. मला ते बरं वाटलं नाही, मी ओरडलोच, "हात कायले जोडता, भाऊ! सकाळी चहा पाजा."

त्या रात्रीनंतर फौजीभाऊ कोणाला दिसला नाही. पोलिसांनी तलाव धुंडाळला, मालकानं राखेचा खड्डा उपसून पाहिला, गोंडपिपरीकडून त्याचा पुतण्या येऊन सामान घेऊन गेला. पुढे तो ढीगही वीटभट्टीवाल्यांनी उचलून नेला. गाव म्हणालं, फौजी पिसाळला आणि जंगलात गेला. मी कोणाशी वाद घातला नाही, कारण सगळ्यांच्या आधी तिथं मी पोचलो होतो, चहा प्यायला.

उतारावर आखूड वळणं होती. डावं, उजवं, डावं, एकेक वळण माझ्याच हातच्या कडेनं कोरलेलं. खड्ड्याच्या अलीकडे माग झटकन वळला होता आणि अंगणातल्या धुळीतून थेट फौजीभाऊच्या दारापर्यंत गेला होता. दार उघडं. घोंगडी घडी केलेली. भिंतीवरचा खिळा रिकामा.

धीर करून मी ढिगाच्या पलीकडच्या बाजूला गेलो. तिथं दोन जोड्यांचे माग होते. एक आखूड वळणांचा, एक मोठ्या, सावकाश वळणांचा. दोघं एकमेकांना कापत, पुन्हा जवळ येत, वेणीसारखे खाली उतरले होते आणि धानाच्या शेतांतल्या बांध्यांत धुकं होतं तिथं दिसेनासे झाले होते. आदळल्याची खूण कुठंच नव्हती. रागावलेला माणूस कोणाला असा खेळवत नेत नाही. मी तिथंच कोंड्यात बसून रडलो, आणि मग फार भीती वाटली म्हणून घरी पळालो.