आत्याचा सिग्नल छताला

माझी आत्या औषधांच्या पावडरीतल्या अणूंचे सिग्नल टिपते. ते इतके क्षीण, की यंत्राचा ‘आवाज’, म्हणजे सिग्नल मोठा करून दाखवायचं बटण, कायम शेवटच्या टोकाला. घरी टीव्हीचंही तेच; आतोबा कानात कापूस घालून बातम्या बघतात.

मी तिच्याच हाताखाली शिकते. आज तिनं पावडरीत किंचित फ्री रॅडिकल्स मिसळले. त्यांच्यातले एकटे इलेक्ट्रॉन आपला जोर अणूंना देतात. थंडगार नमुन्यावर तो जोर पोचवणाऱ्या मायक्रोवेव्ह लहरी सोडल्या मात्र, पडद्यावरची रेघ सुसाट वर गेली आणि तिचं टोकच छाटलं गेलं.

“बिघडलं मेलं!” आत्या कडाडली.

“अगं आत्या, सिग्नल वाढलाय! पडद्यात मावत नाहीये. आवाज कमी कर!”

आत्यानं मला धरून गरागरा फिरवलं. मग यंत्राकडे बघत, जन्मात पहिल्यांदाच हळू आवाजात, ती म्हणाली, “कमी कुठून करतात गं?”