वाचले, समजले

हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत सगळे तिला मोठ्या बाई म्हणत. वयाने तिच्याहून मोठ्या दोघी होत्या तिथे, पण सुपरवायझर ती होती. कुठली चादर कुठल्या वॉर्डाची, हे ती काठाच्या दोऱ्यावरून सांगे. लाल दोरा ऑपरेशनचा, हिरवा लहान मुलांचा, पिवळा बाळंतिणींचा. कोण कधी रजेवर जाणार, कुठल्या मशीनचा पट्टा कधी बदलला, सगळं तोंडपाठ. "आमच्या बाईंना वही लागत नाही," साहेब कौतुकाने सांगत.

वही असून उपयोगही नव्हता. बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं.

हे एकट्या नवऱ्याला ठाऊक होतं. मुलगी लग्न होऊन गेली, पण आईचं अक्षर वाईट आहे म्हणून ती लिहीत नाही, एवढीच तिची समजूत. एकोणीस वर्षांपूर्वी नोकरीचा अर्ज नवऱ्यानेच भरला होता आणि शिक्षणाच्या रकान्यात बेधडक 'सातवी पास' ठोकून दिलं होतं. "चादरी धुवायला काय कविता म्हणायच्यात?" तो म्हणाला होता. कुणी विचारलं नाही. तीन संध्याकाळी बसून ती सही गिरवायला शिकली, तेवढंच.

खरी पंचाईत झाली ती सुपरवायझर झाल्यावर. ऑफिसातून येणाऱ्या प्रत्येक नोटिशीखाली 'वाचले, समजले' असं छापलेलं असे आणि त्याखाली तिची सही लागे. ती कागद घडी करून पिशवीत टाकायची, घरी नवरा वाचून दाखवायचा, दुसऱ्या दिवशी सही. सहा वर्षं असं बिनबोभाट चाललं.

मग हॉस्पिटलने कामगारांसाठी वर्ग सुरू केला. मंगळवार आणि गुरुवार, कामाच्या वेळातलाच एक तास. वाचणं, लिहिणं, बँकेचा फॉर्म भरणं, औषधाच्या पाकिटावरची तारीख बघणं. वर्गाच्या मॅडम पहिल्या दिवशी बाईंकडेच आल्या. "तुमच्यातल्या कुणाकुणाला वाचता येत नाही? तुम्हाला सगळ्यांचं माहीत असेल."

बाईंनी अकरा नावं धडाधड सांगितली. बारावं घशातच राहिलं.

वर्ग भरायचा तो शिवणखोलीच्या शेजारी, मधे प्लायवुडची भिंत. मंगळवार-गुरुवारी फाटक्या उशांचे अभ्रे शिवायचं काम बाई आपणहून घेऊ लागल्या. पलीकडून आवाज यायचा, क ला काना का, क ला वेलांटी कि. चार महिन्यांत अख्खी बाराखडी त्यांना पाठ झाली. आवाज सगळे ओळखीचे झाले, चेहरा मात्र एकाचाही माहीत नाही. 'क' पोटाचा असतो की शेपटाचा, कोण जाणे.

एकदा धीर करून त्यांनी नवऱ्याला विचारलं, "मीही बसू का वर्गात?"

"बस की. सातवी पास बाई पहिल्या बाकावर काय करते म्हणून विचारलं तर काय सांगशील? खोटा अर्ज म्हणून घरी बसवतील. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ तुम्ही झाकलीत," बाई म्हणाल्या. "आवळून मी धरलीय."

त्याचंही चुकत नव्हतं.

पुढच्या महिन्यात त्याच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी बांधून तो घरी पडलेला, आणि नेमकी त्याच आठवड्यात नोटीस आली. शिपाई म्हणाला, "बाई, आत्ताच सही द्या, मला थांबायला वेळ नाही." बाईंनी कागद नीट डोळ्यांसमोर धरला, वाचल्यासारखी मान हलवली आणि सही केली.

डाग काढायचं नवं औषध आलं होतं. बाईंनी पिंप उघडून वास घेतला. वास जुन्यासारखाच. काम सुरू झालं. दुपारपर्यंत चिमणीच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत फोड आले.

चिमणी म्हणजे लॉन्ड्रीतली सगळ्यात बडबडी बाई, त्या अकरा जणींतली एक. पाच दिवसांनी ती पट्ट्या बांधून कामावर आली आणि सही झालेल्या नोटिसा लावतात त्या फळ्यासमोर उभी राहिली. बोट एकेका अक्षराखाली सरकवत मोठ्याने वाचू लागली. "को-प-रा-पर्यंत-चे... हात-मो-जे... घाला-वेत." ती थांबली. मग तारीख वाचली. मग वळली.

"बाई, ही तर माझे हात भाजायच्या आधीची नोटीस आहे. खाली तुमची सही आहे."

मशीन चालू होती, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

साहेबांनी बोलावलं. "नोटीस वाचली होती ना तुम्ही?"

इकडे आड, तिकडे विहीर. येत नाही म्हणावं, तर खोटा अर्ज आणि सहा वर्षांच्या सह्या सगळ्या अंगावर येणार.

"वाचली होती," बाई म्हणाल्या. "सांगायची विसरले."

"तुम्ही? विसरलात?" साहेबांना खरंच वाईट वाटलं. बाईंच्या अंगात एकच गुण होता, स्मरणशक्ती. तीही त्यांनी त्या टेबलावर ठेवून दिली.

सुपरवायझरपद गेलं. त्यांना घड्या घालायच्या टेबलावर बसवलं, तेही चिमणीसमोर. डबल चादरीची घडी एकटीला जमत नाही. दोघींनी दोन टोकं धरायची, चालत जवळ यायचं, हाताला हात लावून परत मागे जायचं. आठ दिवस दोघी अशा हजार वेळा जवळ आल्या, पण चिमणीने तोंड उघडलं नाही. नवव्या दिवशी हात जुळले तेव्हा बाईच म्हणाल्या, "मला वाचता येत नाही गं."

चिमणीच्या हातातलं टोक सुटलं. "काय?"

"कधीच नव्हतं येत."

"मग सांगायचं ना! लोक म्हणतात, बाईंना आमच्या हातांची पर्वा नाही."

"म्हणू देत."

"म्हणजे माझे हात भाजले तरी तुमचं बिंग फुटायला नको!"

खरं तेच होतं. "माफ कर, असं कुठल्या तोंडाने म्हणू?" एवढंच त्या बोलल्या.

"नकाच म्हणू. राग जायला वेळ लागेल मला." चिमणीने चादर उचलली, झटकली. दोन दिवस पुन्हा अबोला. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने आपली वर्गाची वही पंच्यांच्या ढिगाआड उघडली आणि पुटपुटली, "हा क. नीट बघून घ्या. उद्या विचारीन."

रोज एक अक्षर. आवाज पाठच होते, म्हणून गाडी भराभर पुढे गेली. वर्षभरात बाई बोट ठेवून का होईना, पण वाचू लागल्या.

अकरा जणींना प्रमाणपत्रं मिळाली. बाई मागच्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवत होत्या. कार्यक्रमानंतर मॅडम जवळ आल्या. "पुढच्या वर्गाला तुमच्यासारखी शिकलेली बाई मदतीला हवी होती. याल?"

"बघते," बाई म्हणाल्या.

अजून त्या बघताहेत. निवृत्तीला तीन वर्षं आहेत. चिमणीच्या हातांवर पांढरट डाग राहिले आहेत, आणि राग पूर्ण गेला का, हे बाईंनी कधी विचारलं नाही. जेवणाच्या सुट्टीत आता जोडाक्षरं चालली आहेत. दाराशी पावलं वाजली की चिमणी खोकते, वही पंच्यांखाली जाते, आणि दोघी चादरीची टोकं धरून एकमेकींकडे चालू लागतात.